खवसेंच्या कोंबड्या दर्शनाला निघाल्या

प्रभाकर खवसेनं त्या शनिवारी सकाळी फक्त एक जाळी काढली. बाकी त्यानं काहीही केलं नाही, हे तो आजसुद्धा छातीवर हात ठेवून सांगतो. जाळी त्याची, शेत त्याचं, कोंबड्या त्याच्या. आपल्या शेताची जाळी काढायला माणसाला कोणाची परवानगी लागत नाही. (बायकोची लागते. पण ती त्यानं मागितली नव्हती, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.)

प्रभाकर सौंसरच्या एका शाळेत बाबू. शाळेच्या ऑफिसात बसून त्यानं आयुष्याची बरीच वर्षं दाखल्यांवर शिक्के मारले होते. सौंसरहून जामसांवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्याची संत्र्याची छोटी बाग. बागेतली काही झाडं वाळली, मधे मोकळी जागा झाली, तिथं गुडघाभर गवत माजलं. त्या गवताचं काय करावं हा प्रश्न नलिनी, म्हणजे त्याची बायको, रोज विचारत असे. उत्तर प्रभाकरला मोबाइलवर सापडलं. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना त्यानं एक व्हिडिओ पाहिला. कुठल्या तरी हिरव्यागार देशात एक गोरापान शेतकरी बागेत कोंबड्या चारत होता. कोंबड्या गवत खात होत्या, किडे टिपत होत्या, खत टाकत होत्या, आणि शेतकरी नुसता हसत उभा होता. प्रभाकरला त्यातलं नुसतं हसत उभं राहणं फार आवडलं.

"नलिनी, आपण कोंबड्या पाळू," तो संध्याकाळी म्हणाला. "पिंजऱ्यातल्या नाई. मोकळ्या चरणाऱ्या. औषध नाई, इंजेक्शन नाई. एकदम ऑर्गॅनिक."

"अन पाहीन कोण?"

"पाहाचं काय त्यात? त्या आपापल्या चरतात."

त्या आपापल्या चरल्या हे खरं. पण मुंगसापासून त्यांना वाचवणं, संध्याकाळी कोंडणं, ज्वारी आणि तुरीची चुरी भिजवणं, पाणी बदलणं, आणि तळाला लाकडाची चौकट नि खाली सायकलची चाकं लावलेलं ते बिनबुडाचं खुराडं दर दोन दिवसांनी नव्या गवतावर ढकलणं, हे आपापलं होत नव्हतं. ते नलिनी करत होती. तिनं त्यासाठी घरची शिवणकामाची गिऱ्हाइकं हळूहळू सोडली. गंमत म्हणजे तिला ते काम आवडायला लागलं. अंगावर मातीचे ठिपके घेऊन ती घरी यायची तेव्हा चेहऱ्यावर एक वेगळंच तेज असायचं. प्रभाकर रविवारी येऊन हसत उभा राहायचा. (व्हिडिओत होतं तसंच.)

एक काम मात्र त्यानं स्वतः केलं होतं, आणि ते त्यानं फार मन लावून केलं. कोंबड्यांना हाकेवर यायची सवय लावणं. सगळ्या बागेत पांगलेल्या कोंबड्या एकेक करून कोण गोळा करणार? म्हणून त्यानं घरातली जुनी काशाची थाळी काढली. थाळी वाजली की दाणा पडतो, एवढं कोंबड्यांच्या डोक्यात बसवलं. कोंबडीला डोकं लहान, पण त्यात जे बसतं ते पक्कं बसतं. महिन्याभरात अशी तयारी झाली की थाळीवर पहिला ठण्ण झाला रे झाला, की बागेच्या शेवटच्या झाडाखालची कोंबडीसुद्धा पंख पसरून, मान पुढे काढून, सौंसरची शेवटची बस सुटत असल्यासारखी धावत यायची. शाळेतल्या पोरांनी घंटेला कधी एवढा मान दिला नव्हता.

कोंबड्या झाल्या झ्याक. अडचण विकण्याची होती.

सौंसरच्या बाजारात प्रभाकरनं 'ऑर्गॅनिक' अशी पाटी लावली. पहिलंच गिऱ्हाईक पाटीजवळ बराच वेळ उभं राहिलं.

"ऑर्गॅनिक म्हंजे का जी? कडकनाथची कोणती जात का?"

"जात नाई दादा. म्हणजे ही कोंबडी मोकळी चरते. गवत खाते, किडे खाते."

"अन दुकानातल्यापेक्षा महाग काऊन?"

"म्हणूनच तर."

"गवत फुकट, किडे फुकट," गिऱ्हाईक म्हणालं, "अन कोंबडी महाग? तिले काजू-बदाम चारत असता तं समजून घेतलं असतं."

आठवड्यामागून आठवडे असंच चाललं. बाजूच्या शेतातले दादाजी बोबडे, ज्यांचं नावच दादाजी होतं आणि जे लहानपणापासून त्याच नावानं म्हातारे होते, ते रोज कुंपणापाशी येऊन विचारायचे, "गेली का एखादी?" कोणी आजारी असल्यासारखं. शेवटी पांढुर्ण्याचा एक व्यापारी आला. तो म्हणाला, गाडी आणतो, सगळ्या एकदम घेऊन जातो, बॉयलरच्या भावात. नलिनी त्या दिवशी जेवली नाही. तिनं नवऱ्याला काही म्हटलंही नाही, आणि त्यानं प्रभाकरला जास्त लागलं. त्यानं व्यापाऱ्याकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि मोबाइलवर दिसेल त्या नागपूरच्या प्रत्येक दुकानाला फोन लावला. त्यातल्या एका बाईंनी फोन ठेवला नाही. त्यांचं नाव गायत्री. शुद्ध, बिनऔषधी खाण्याच्या वस्तूंचं त्यांचं नागपुरात दुकान. त्या म्हणाल्या, "आधी मी येऊन बघेन. सगळेच मोकळ्या चरणाऱ्या म्हणतात हो. मी जाते तर कोंबड्या शेडमधे असतात."

शनिवार ठरला. प्रभाकरनं शाळेतून रजा काढली, नवा चौकड्याचा शर्ट घातला, आणि सकाळी सकाळी बागेत जाऊन रस्त्याच्या बाजूची जाळी सोडवायला घेतली.

"हे का करून राहिले जी?" नलिनी पाण्याची बादली तशीच हातात धरून उभी राहिली.

"जाळी काढून राहिलो. बाई रस्त्यानं येतीन, पहिल्यांदा काय दिसन? जाळी! म्हणतीन, हा तं जेल आहे. मोकळं दिसलं पाहिजे. खुल्लं!"

"अन कोंबड्या रस्त्यावर गेल्या मंग?"

"काहाले जातीन? इथं गवत सोडून डांबर खातीन का?"

हा मुद्दा बिनतोड होता.  त्यावर उत्तर होतं ते फक्त कोंबड्यांजवळ.

थंडीचे दिवस. ऊन नुकतंच संत्र्यांवर चढलं होतं. झाडांखाली लाल, काळ्या, ठिपकेदार कोंबड्या पसरलेल्या, गवतात माना खाली-वर करत होत्या. दृश्य इतकं सुंदर होतं की प्रभाकरला स्वतःचाच हेवा वाटला. तेवढ्यात फोन वाजला. गायत्रीबाई सौंसरच्या पुढं निघाल्या होत्या. प्रभाकरनं शर्ट खोचला. केस सारखे केले. आणि नुसतं हसत उभं राहायची तयारी केली.

आता, शनिवारी प्रभाकर दर वेळी शाळेत असतो. त्यामुळे शनिवारी आपल्या बागेसमोरून काय जातं ते त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला जवळच्या रामाकोना गावचं भजनी मंडळ वर्षातून एकदा पायी निघतं, आणि ते वर्षातलं एकदा नेमकं आज होतं. पुढं एका हातगाडीवर हार घातलेली मारुतीची तसबीर, मागं बायामाणसं, आणि सगळ्यांच्या हातात झांजा. काशाच्या. चांगल्या वजनदार. वळणावरून पहिला ठण्ण आला.

बागेतली प्रत्येक मान वर झाली.

दुसरा ठण्ण आला. मग ठणाठण, ठणाठण, ठणाठण. एवढा दाणा एका वेळी पडतो हे त्या बिचाऱ्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं! लाल तुऱ्याचा मोठा कोंबडा निघाला, त्याच्या मागं पाच, त्यांच्या मागं पन्नास, आणि प्रभाकर "अरे! अरे! अबे!" म्हणेपर्यंत अख्खी बाग, जिथं आज सकाळपर्यंत जाळी होती तिथून, पंख फडफडवत रस्त्यावर रिकामी झाली.

"नलिनी! थाळी आण, थाळी!" प्रभाकर ओरडला आणि कोंबड्यांमागं पळाला. एक चप्पल गवतात राहिली. दुसरी त्यानं स्वतःहून सोडली.

रस्त्यावर पोचला तेव्हा भजनी मंडळ थांबलं होतं. म्हणजे त्यांना थांबावंच लागलं होतं. पाऊल टाकायला जागा नव्हती. सगळीकडे कोंबड्या. प्रत्येकीची मान वर, प्रत्येकीचा डोळा झांजेवर. एक काळी कोंबडी हातगाडीवर चढून तसबिरीशेजारी अशी बसली होती, जणू रामाकोन्यापासून तिथंच होती. एका बाईच्या पिशवीतून प्रसादाचे फुटाणे सांडले होते, त्यावर पाच-सहा जणी तुटून पडल्या होत्या.

मंडळाचे प्रमुख श्रीधर गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, उंच, कडक माणूस. त्यांनी चष्म्यातून प्रभाकरच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"तुमच्या आहेत का ह्या?"

"हाव गुरुजी. माफ करा. तुमी पुढं व्हा, मी यायले हाकलतो."

"चला रे," गुरुजी म्हणाले. झांजा वाजल्या. मंडळ चार पावलं पुढं गेलं. कोंबड्याही चार पावलं पुढं गेल्या. प्रभाकर हात पसरून "हुश्श, हुश्श" करत आडवा झाला, तर त्या त्याच्या पायांमधून निघाल्या. झांजा थांबल्या. कोंबड्या थांबल्या आणि रस्ताभर पांगून दाणा शोधायला लागल्या.

"असं नाई चालाचं," गुरुजी म्हणाले. "अहो, आम्ही मारुतीच्या दर्शनाले चाललो. एवढ्या कोंबड्या घेऊन तिथं गेलो तं लोक काय म्हणतीन? रामाकोन्याचे लोक कोणता नवस फेडाले आले म्हणतीन!"

"तुमी झांजा वाजवू नका ना मंग. मुकाट्यानं जा."

"भजनी मंडळ मुकाट्यानं जाईन?" गुरुजींचा आवाज चढला.

"येऊ द्या ना वो त्यायले," मागून एक म्हातारी बोलली. ही पंचफुलाबाई, मंडळातली सगळ्यात वयस्कर. ती केव्हाच रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकली होती आणि एका ठिपकेदार कोंबडीला फुटाणे चारत होती. "आपल्या संग एवढं मनापासून कोणी चालत नाई. मायी सून बी घरी राह्यली."

तेवढ्यात मागून एक ट्रक आला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढून जे बोलला ते भजनी मंडळाच्या गोष्टीत लिहिण्यासारखं नाही. आतापर्यंत प्रभाकरला फक्त लाज वाटत होती. आता भीती वाटली. एक ट्रक थांबला, दुसरा थांबेल कशावरून? पहाटे उठून, हात चिरून घेऊन, नलिनीनं वाढवलेल्या ह्या कोंबड्या. त्या डांबरावर दाणे शोधत होत्या, त्याच्यावर भरवसा ठेवून. आणि त्यानं जाळी काढली होती. मोकळं दिसावं म्हणून!

तो तिथंच रस्त्यावर ओणवा झाला आणि हाताला येईल ती कोंबडी काखेत धरायला लागला. दोन काखेत बसल्या. तिसरीसाठी जागा केली तर पहिली सुटली. हे किती वेळ चाललं असतं सांगता येत नाही, पण नलिनी आली. थाळी नव्हती तिच्या हातात. थाळी घासायला घरी नेलेली होती आणि तिला ते ठाऊक होतं, म्हणून शोधण्यात तिनं वेळ घालवला नव्हता. तिनं एकदा कोंबड्यांकडे पाहिलं, एकदा झांजांकडे, आणि सरळ गुरुजींना नमस्कार केला.

"गुरुजी, त्या तुमच्या झांजेच्या मागं येऊन राहिल्या. तुमीच त्यायले घरापर्यंत सोडून द्या. हे काय बाग, इथीच. झांजा वाजवत आत चाला, मी चहा ठेवते."

"दर्शनाच्या वाटेवरून माघारी फिरायचं?" गुरुजी अडले. "आजपर्यंत मंडळ कधी माघारी फिरलं नाई."

"माघारी काहाले?" पंचफुलाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. "जराशीक वळून जाऊ. जीव वाचवाचं काम आहे, मारुती काय नाई म्हणन? अन चहा म्हणून राहिली ते."

'चहा' ह्या शब्दावर मंडळात एकमत झालेलं दिसलं. गुरुजींनी एकदा तसबिरीकडे पाहिलं, हात जोडले, आणि झांज उचलली.

तर असं झालं की नागपूरच्या गायत्रीबाईंची गाडी त्या वळणावर आली तेव्हा त्यांना दिसलं ते हे. पुढं हातगाडीवर मारुतीची तसबीर, तसबिरीशेजारी काळी कोंबडी. मागं ठणाठण झांजा वाजवत, जोरात भजन म्हणत निघालेली माणसं. त्यांच्यामागं रांगेत, शिस्तीत, माना उंच करून संत्र्याच्या बागेत शिरणाऱ्या कोंबड्या. आणि सगळ्यांच्या शेवटी, अनवाणी, शर्ट बाहेर आलेला, काखेत एकेक कोंबडी धरलेला एक माणूस.

बाई गाडीतून उतरल्या. त्यांनी मोबाइल काढून सगळं टिपलं. मग काखेत कोंबड्या असलेल्या माणसाला विचारलं, "तुम्हीच खवसे ना? हे... हे काय आहे?"

प्रभाकरला खरं सांगायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण बाईंच्या चेहऱ्यावर असं काही कौतुक होतं, असं कौतुक शाळेतल्या ऑफिसात त्याचं कोणी कधी केलं नव्हतं, की जीभ भलतीकडेच वळली.

"भजन, मॅडम. आमच्या कोंबड्यायले आम्ही भजन ऐकवतो. मन शांत राहते त्यायचं."

"रोज?"

"रोज!"

"रोज?" हे दुसरं 'रोज' श्रीधर गुरुजींचं होतं. ते मागंच उभे होते. "अहो, आम्ही वर्षातून एकदा जामसांवलीले जातो. अन आज पहिल्यांदा कोंबड्यायमुळं खोळंबलो. रोज म्हणे!"

प्रभाकरच्या काखेतल्या दोन्ही कोंबड्या सुटल्या. नलिनी बागेतल्या चुलीजवळून पदराला हात पुसत आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलंच नाही. तिनं बाईंना सगळं सांगितलं. थाळीची सवय, झांजा, ट्रक, आणि जाळी. जाळीपाशी येऊन ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "जाळी काढायले नोती पाहिजे. तुमाले मोकळं दिसावं म्हणून काढली. चूक आमची आहे." आमची, असं म्हणाली ती. प्रभाकरनं मान खाली घातली.

"म्हणजे सर जे म्हणाले..." बाई म्हणाल्या.

"सर नाई ते. बाबू आहेत."

गायत्रीबाईंनी मोबाइल ठेवून दिला. त्या बागेत फिरल्या. खुराडं पाहिलं, त्याखालची ओली, उकरलेली माती पाहिली, गवताचे चरून झालेले पट्टे पाहिले. एक कोंबडी उचलून तिचे पाय दाबून पाहिले. बागेत आता भजनी मंडळ चहाचे कप घेऊन झाडांखाली बसलं होतं आणि कोंबड्या त्यांच्यामधून फिरत होत्या. प्रभाकर एका झाडाच्या आडून बाईंचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होता. पांढुर्ण्याची गाडी त्याला आतापासून दिसायला लागली होती.

"मी पाच ठिकाणी जाऊन आले ह्या महिन्यात," बाई शेवटी म्हणाल्या. "एका ठिकाणी माझ्यासमोर शेडचं दार उघडलं. कोंबड्या दारात उभ्या राहिल्या. बाहेर यायलाच तयार नाहीत! उन्हाला घाबरल्या. गवत म्हणजे काय त्यांना माहीतच नाही. आणि तुमच्या कोंबड्या वळणापर्यंत पळत गेल्या. पळत परत आल्या. एकही दमली नाही. मला अजून वेगळं काय बघायचंय?"

नलिनीनं डोळे मिटले आणि उघडले.

"कोंबड्या आणि अंडी, दोन्ही घेईन मी," बाई म्हणाल्या.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की झाडांखालची सगळी बोलणी थांबली आहेत. अख्खं भजनी मंडळ त्यांच्याकडे पाहत होतं. काळी कोंबडी हातगाडीवर तसबिरीशेजारी बसून पाहत होती.

"कापाले नेसान का माय ह्यायले?" पंचफुलाबाईनं विचारलं. आवाजात राग नव्हता. नुसतं विचारलं. ठिपकेदार कोंबडी तिच्या मांडीवर झोपली होती.

गायत्रीबाईंनी त्या झोपलेल्या कोंबडीकडे पाहिलं. "नाही हो आजी," त्या म्हणाल्या. "अंडी. म्हणजे... फक्त अंडीच. दर आठवड्याला. जेवढी होतील तेवढी."

"मंग ठीक आहे," पंचफुलाबाई म्हणाली आणि बशीतला चहा संपवला.

मंडळ निघालं तेव्हा नलिनीनं आधी जाळी बांधायला लावली. प्रभाकरनं ती स्वतः बांधली, दोन्ही गाठी पक्क्या, आणि तरी मंडळ पुढच्या वळणापलीकडे जाईस्तोवर झांजा काखेत दाबून गेलं. गुरुजींनी जाताना प्रभाकरच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढल्या वर्षी आम्ही येतो तेव्हा," ते म्हणाले, "तुम्ही शाळेत जा."

पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्याला नाही म्हणायचा फोन नलिनीनं केला. तो फोन तिनं अंगणात उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात केला. त्या आठवड्यात तिनं आणखी पिल्लं मागवली, आणि प्रभाकर आता रोज शाळेत जाण्याआधी खुराडं ढकलतो. एकटा. हसत उभं राहायला त्याला वेळ मिळत नाही, पण शर्टाला मातीचे ठिपके घेऊन तो ऑफिसात बसतो तेव्हा कोणी विचारलं तर ते पुसत नाही, सांगत बसतो.

थोड्या दिवसांनी गायत्रीबाईंचा निरोप आला की अंड्यांच्या खोक्यावर छापायला शेतकऱ्याचा फोटो हवा, त्यानं गिऱ्हाइकाला विश्वास वाटतो. प्रभाकरनं केसांना काळा रंग लावला. भावाच्या लग्नातलं जाकीट काढलं. फोटोवाल्यासमोर तो बराच वेळ वेगवेगळ्या कोनांतून उभा राहिला. नलिनीला त्यानं बाजूला उभं केलं, "थोडी तू बी ये, चांगलं दिसते," असं म्हणून.

खोके छापून आले. वर मधोमध नलिनी, हातात टोपली, मागं संत्र्याची झाडं, पायाशी कोंबड्या. फोटो फार छान आला होता. उजव्या कडेला, जिथं कागद कापला होता तिथं, जाकिटाच्या बाहीतलं एक कोपर होतं.

प्रभाकरनं ते मनाला लावून घेतलं नाही. उलट एक रिकामं खोकं तो बाजारात बरोबर नेऊ लागला. भेटेल त्याला दाखवायचा, "हे कोपर पाहा. हे मी." बहुतेक लोक मान हलवायचे. दादाजी बोबड्यांनी मात्र खोकं हातात घेतलं, उन्हात धरलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. प्रभाकरनं बाही सारखी करून आपलं कोपर खोक्याशेजारी धरलं, म्हणजे त्यांना जुळवायला सोपं जावं.

दादाजींनी दोन्हींकडे नीट पाहिलं.

"नाई गड्या," ते म्हणाले आणि खोकं परत दिलं. "हे कोपर एखाद्या मालकाचं दिसून राहिलं."